मधल्या किमतीचं स्पिनिंग रीळ कसं पारखावं? गोड्या पाण्यात मासेमारी करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गळाने मासे धरणाऱ्यांकडून स्पिनिंग रिळाबद्दल जे प्रश्न सतत येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत, अडचणीचे आणि अपवादांचे पुढे. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. एका मुद्द्याचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्पिनिंग रीळ इतर रिळांपेक्षा वेगळं कसं?

यात फेकताना स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळलेली चकरी, फिरत नाही. बेल, म्हणजे लाईन धरून ठेवणारी तारेची कमान, उघडली की लाईन स्पूलच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जाते. हँडल फिरवलं की स्पूलभोवती रोटर फिरतो आणि बेलच्या टोकाला असलेला लाईन रोलर लाईन गुंडाळत जातो. या तत्त्वाच्या रिळाचं पेटंट इंग्लंडमधल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये घेतलं. ते कापडधंद्यातले होते.

स्थिर स्पूलचा फायदा असा की अगदी हलकं आमिषही लांब जातं. बेटकास्टिंग रिळात आमिषाच्या वजनाने आख्खा स्पूल फिरवावा लागतो, इथे फक्त लाईन ओढली जाते. तोटा एकच, पण मोठा: लाईनला पीळ बसतो. त्याबद्दल प्रश्न १० मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

२. 'मधल्या किमतीचं' रीळ नेमकं कोणतं म्हणायचं?

कंपनीच्या यादीत ते कुठे बसतं ते पाहा. शिमानोच्या यादीत सिएना आणि सेडोना खालच्या टोकाला आहेत, स्टेला सगळ्यात वर. नास्की आणि स्ट्रॅडिक मधल्या पट्ट्यात येतात. दाइवाच्या यादीत एक्झिस्ट वरच्या टोकाला, तर फ्युएगो आणि बॅलिस्टिक मधे.

खालच्या पायरीवरून मधल्या पायरीवर येताना रिळाच्या आतल्या गोष्टी बदलतात: गिअर जास्त टिकाऊ, ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की स्पूलला ताणाखाली सुटू देणारा ब्रेक) जास्त सलग, रोटर जास्त समतोल. मधल्या पायरीवरून वर जाताना मुख्यतः वजन कमी होतं, फिरण्यात तलमपणा येतो आणि पाणी आत न शिरण्याची व्यवस्था चांगली होते. गोड्या पाण्यात ही शेवटची गोष्ट समुद्राइतकी निर्णायक नसते. म्हणून नद्या, तलाव आणि धरणांवर मासे धरणाऱ्याला मी मधलंच रीळ घ्यायला सांगतो आणि उरलेले पैसे चांगल्या लाईनवर घालायला सांगतो.

३. १०००, २५००, ३०००, ४००० या आकड्यांचा अर्थ काय? मला कोणतं लागेल?

हा आकारमानाचा क्रमांक आहे. तो मिलिमीटर किंवा ग्रॅममध्ये नाही आणि सगळ्या कंपन्यांत सारखाही नाही. एकाच कंपनीतही तो बदलू शकतो. दाइवाने २०१८ मध्ये एलटी मालिका आणली तेव्हा आकारांची मोजणीच बदलली, त्यामुळे जुन्या २५०० ची तुलना एलटी २५०० शी थेट होत नाही. शिमानोचं 'सी ३०००' म्हणजे २५०० च्याच बॉडीवर ३००० चा स्पूल.

ढोबळमानाने बारीक लाईन आणि काही ग्रॅमची आमिषं वापरणाऱ्याला १००० किंवा २०००, सर्वसाधारण मासेमारीला २५०० ते ३०००, मोठा कार्प किंवा गवताळ पाण्यातली मरळ यासाठी ४०००. एकच रीळ घ्यायचं असेल तर २५०० किंवा ३००० घ्या. आकड्यापेक्षा स्पूलवर किती जाडीची किती मीटर लाईन बसते ते वाचा. ते तुमच्या खरोखर उपयोगाचं आहे.

४. गिअर रेशो जास्त असेल तर रीळ चांगलं का?

नाही. ५.२:१ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रोटरचे ५.२ फेरे, एवढंच. लाईन किती आत येते ते स्पूलच्या घेरावरही ठरतं. ४७ मिमी व्यासाचा भरलेला स्पूल आणि ५.२ चा रेशो असेल तर एका फेऱ्यात साधारण ७७ सेंमी लाईन येते. रेशो ६ केला तर ८८ सेंमीच्या आसपास. लाईन बाहेर गेली की घेर कमी होतो आणि हा आकडाही घटतो.

वेगवान रिळाला फिरवायला जोर जास्त लागतो. पाण्यात जास्त अडणारी आमिषं, म्हणजे मोठा स्पिनर किंवा खोल जाणारा प्लग, वेगवान रिळावर ओढून मनगट लवकर थकतं. तळाशी उड्या मारत आणायचं आमिष असेल किंवा मासा आपल्याच दिशेने पळत येत असेल तर मात्र वेग हवा. सगळ्या प्रकारांसाठी एकच रीळ असेल तर ५ ते ५.५ च्या दरम्यानचं मला सगळ्यात सोयीचं वाटतं.

५. एका रिळात १० बेअरिंग आहेत, दुसऱ्यात ५. फरक एवढा मोठा असतो का?

बेअरिंग कुठे बसवली आहेत ते संख्येपेक्षा महत्त्वाचं. मुख्य गिअरच्या दोन्ही बाजूंना, रोटर फिरवणाऱ्या पिनियन गिअरला आणि लाईन रोलरमध्ये चांगली बेअरिंग असतील तर पाचातही रीळ उत्तम चालतं. दहाचा आकडा गाठण्यासाठी हँडलच्या मुठीत आणि कमी भार येणाऱ्या जागी स्वस्त बेअरिंग घातलेली असतील तर त्यांचा फायदा नगण्य. '५+१' असं लिहिलेलं असेल तर तो एक म्हणजे बहुधा हँडल उलटं फिरू न देणारा रोलर क्लच (प्रश्न १३).

लाईन रोलरमध्ये बेअरिंग आहे की नुसती प्लास्टिकची बुश आहे, हे मात्र आवर्जून विचारा. तिथून प्रत्येक फेकीची प्रत्येक इंच लाईन जाते.

६. दुकानात हातात घेतल्यावर काय काय तपासायचं?

हवेत गरगर फिरवून 'वा, किती मऊ' म्हणणं ही सगळ्यात कमी उपयोगाची परीक्षा आहे. भार नसताना जवळपास प्रत्येक नवं रीळ मऊ फिरतं. जाड ग्रीस आतली खरखर झाकतं आणि पातळ तेल साध्या रिळालाही हलकं भासवतं. रीळ पारखायचं तर त्याच्यावर भार आणायला हवा.

आधी रिळाच्या पायापाशी (रॉडवर बसणारा भाग) घट्ट धरा आणि रोटर तळहाताने हलकेच अडवत हँडल सावकाश फिरवा. भार वाढताच दातांची खरखर किंवा ठराविक जागी अडकल्यासारखं जाणवलं तर गिअरची जुळणी नीट नाही. याच वेळी बॉडी आणि पाय वाकतो का ते पाहा. बॉडी लवली की आतले गिअर एकमेकांपासून सरकतात आणि दात लवकर झिजतात.

मग जोरात फिरवून हँडल सोडा. रीळ हातात थरथरलं तर रोटर समतोल नाही. हँडल अचानक थांबवा आणि मागे-पुढे हलवा. गिअरच्या दातांमधली किंचित ढिलाई साहजिक आहे. हँडल आरपार बोल्टने बसवलेलं असेल तर ती थोडी जास्त असते, थेट गिअरमध्ये आट्यांनी बसणाऱ्या हँडलमध्ये कमी. मूठ वर-खाली डुलत असेल तर ते साहजिक नाही.

बेल उघडून रीळ झटका. फेकताना बसतो तसा झटका द्या. बेल आपोआप पडली तर तिची स्प्रिंग कमजोर आहे, आणि असं फेकीच्या मध्यात झालं की आमिष तुटून जातं. शेवटी बेलच्या तारेवरून लाईन रोलरकडे नख फिरवा. तार आणि रोलरच्या सांध्यात नख अडकलं तर बारीक लाईनही तिथेच अडकणार. मी ही नखाची परीक्षा कधीच गाळत नाही.

सोबत थोडी लाईन नेली तर आणखी चांगलं. रोलरखालून ती ताणून ओढा. रोलर फिरला पाहिजे, लाईन त्याच्यावरून नुसती घासत जाता कामा नये. ड्रॅगची तपासणी पुढच्या प्रश्नात आहे.

७. कमाल ड्रॅग १० किलो लिहिलेलं रीळ ५ किलोवाल्यापेक्षा चांगलं ना?

गोड्या पाण्यात बहुतेकदा या आकड्याचा काही उपयोग होत नाही. ड्रॅग लाईनच्या तुटभाराच्या पाव ते फार तर ३० टक्क्यांवर लावायचा असतो. ८ पौंडी, म्हणजे साधारण ३.६ किलोची लाईन असेल तर ड्रॅग ९०० ग्रॅमच्या आसपास. तिथे १० किलोचा ड्रॅग पुरता आवळला तर मासा बाजूलाच, आधी लाईन तुटेल.

पावच का, असं अनेक जण विचारतात. गाठीपाशी लाईन कमजोर होते, वाकलेल्या रॉडच्या कड्यांमधून जाताना घर्षण वाढतं, आणि तिसरं कारण रिळातच आहे. ड्रॅग स्पूलला अडवतो, तर मासा ओढतो स्पूलवरच्या लाईनच्या घेरावरून. लाईन बाहेर जाऊन घेर कमी झाला की तेवढाच स्पूल फिरवायला माशाला जास्त जोर लागतो. स्पूलवरच्या लाईनच्या गठ्ठ्याचा व्यास ४६ मिमीवरून ३६ मिमीवर आला तर ताण जवळपास २८ टक्के वाढतो, आपण ड्रॅगला हातही न लावता. मोठा मासा लांब पळाला की ड्रॅग सैल करायचा तो यासाठी.

म्हणून दोन गोष्टी पारखा. पहिली, सुरुवातीची अडकण. ड्रॅग हलका लावून लाईन ताणकाट्याला बांधा आणि सावकाश ओढा. स्पूल सुटण्याच्या क्षणी काटा किती चढतो आणि स्पूल फिरत असताना किती राहतो, यांतला फरक जितका कमी तितका ड्रॅग चांगला. आधी उडी मारून मग सुटणारा ड्रॅग बारीक लाईन पहिल्याच धावेत तोडतो. दुसरी गोष्ट, बारीक नियंत्रण. पूर्ण सैल ते पूर्ण घट्ट यांमध्ये ड्रॅगच्या मुठीचे पुरेसे फेरे हवेत. अर्ध्या फेऱ्यात सगळा खेळ संपत असेल तर माशाशी झुंजताना नेमका ताण लावता येणार नाही.

वॉशर फेल्टचे असोत की कार्बनचे, दोन्ही चांगले असू शकतात. तेल लावलेलं फेल्ट हलक्या ताणावर फार तलम चालतं. कार्बन उष्णता आणि मोठा भार जास्त सहन करतो.

अपवाद: दाट पाणवनस्पतींत जाड ब्रेडेड (विणलेल्या) लाईनने मरळ धरणाऱ्याला मासा पळू द्यायचाच नसतो. त्याला मोठा ड्रॅग आणि तितकीच कणखर बॉडी दोन्ही लागतात.

८. ड्रॅगची मूठ पुढे असलेली बरी की मागे?

पुढे. पुढच्या ड्रॅगमध्ये वॉशर स्पूलमध्ये बसतात, त्यांचा आकार मोठा ठेवता येतो आणि रचना साधी राहते. मागची मूठ झुंजताना हाताला सोयीची पडते. तळाला आमिष टाकून थांबणाऱ्या कार्प-शिकाऱ्यांसाठी वेगळा सैल ड्रॅग असलेली रिळे असतात, त्यांत मागच्या बाजूला खटका लागतोच. तो प्रकार स्वतंत्र समजा.

९. बॉडी धातूची घ्यावी की ग्राफाइटची?

'ग्राफाइट' म्हणून जे मिळतं ते बहुधा कार्बन तंतू मिसळलेलं नायलॉन असतं. साध्या प्रकारचं वजनाला हलकं पण लवचिक असतं. शिमानोचं सीआय४+ किंवा दाइवाचं झायोन यांसारखी सुधारित मिश्रणं बरीच ताठ असतात. ॲल्युमिनियम ताठ पण जड. मॅग्नेशियम हलकं आणि ताठ असलं तरी लेप खरवडला की गंजाला जपावं लागतं, खाऱ्या पाण्यात विशेष.

२५०० च्या आकारात हलकी आमिषं फेकणार असाल तर चांगलं मिश्रण पुरेसं आहे. ४००० घेऊन जाड लाईन लावणार असाल तर धातूची बॉडी घ्या. रोटर मात्र हलकाच बरा. तो हलका असेल तर फिरायला लगेच सुटतो आणि आमिषाची हालचाल हाताला चांगली कळते.

१०. लाईन सतत पिळते, वेटोळी उडून गुंता होतो. रीळ खराब आहे का?

शक्यता कमी. लाईन रोलर फिरत नसेल (प्रश्न ६) तर दोष रिळाचा. तो फिरत असेल तर आधी पुढची कारणं तपासा.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवत राहणं. मासा लाईन ओढतोय आणि आपणही फिरवतोय, अशा वेळी लाईन आत येत नाही, फक्त पिळते. ५.२ रेशोच्या रिळात हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला लाईनला पाच पीळ बसतात. ड्रॅगचा कटकट आवाज ऐकू आला की हात थांबला पाहिजे. मासा थांबला की रॉड वर उचला, मग रॉड खाली नेताना गुंडाळा.

दुसरं कारण फेकीनंतरचं. हँडल फिरवून बेल पाडली की पहिली एक-दोन वेटोळी सैल बसतात आणि पुढच्या फेकीत तीच गुंता करतात. बेल हाताने बंद करा, लाईनला हलका ताण द्या, मग फिरवा. बेल हाताने बंद केल्याने तिची यंत्रणाही कमी झिजते.

तिसरं, स्पूल गरजेपेक्षा जास्त भरणं. कडेपासून दोन-तीन मिमी जागा सोडा. त्याहून भरला तर एकदम अनेक वेटोळी सुटतात. त्याहून बराच रिकामा ठेवला तर लाईन कडेला घासून फेक आखूड होते. फिरती आमिषं वापरताना चांगली स्विव्हल (फिरती कडी) लावा.

पीळ बसलेलाच असेल तर आमिष काढून नुसती लाईन वाहत्या पाण्यात किंवा चालत्या होडीमागे लांब सोडा, काही मिनिटं ओढू द्या आणि बोटांच्या चिमटीत ताणून परत गुंडाळा.

११. लाईन स्पूलवर एकाच बाजूला चढते. काय करायचं?

स्पूल काढा. खाली दांड्यावर पातळ चकत्या दिसतील, खोक्यात जादाच्याही मिळतात. लाईन पुढच्या कडेकडे ढीग करत असेल तर एक चकती वाढवा, स्पूल वर येतो आणि लाईन मागे बसते. मागे ढीग होत असेल तर एक चकती काढा. पुढे चढलेली लाईन जास्त त्रासाची, कारण ती फेकीत आपोआप घसरून गुंता करते. मागे किंचित उतार असेल तर फारसं बिघडत नाही.

जादा चकत्या खोक्याबरोबर फेकल्या जातात, तेव्हा खोकं नीट पाहूनच टाका.

१२. ड्रॅग पूर्ण घट्ट केला तरी मासा लाईन ओढतो आणि स्पूलही फिरत नाही. हे कसं?

ब्रेडेड लाईन आहे ना? मग ड्रॅग नाही, लाईनचा संपूर्ण गठ्ठाच गुळगुळीत स्पूलवर घसरतोय. ब्रेडेड लाईन ताणत नाही आणि धातूला पकडही धरत नाही. आधी नायलॉनच्या लाईनचे काही थर गुंडाळा आणि त्यावर ब्रेडेड जोडा. काही स्पूलवर यासाठी रबराची पट्टी असते, तिथे थेट बांधता येते. खात्रीसाठी पेनाने स्पूलच्या कडेवर आणि लाईनवर एका रेषेत खूण करा, मग ओढून पाहा. खुणा एकमेकींपासून सरकल्या तर निदान पक्कं.

१३. झटका देताना हँडल कधी कधी मागे फिरतं. गिअर गेला का?

बहुधा नाही. हँडल उलटं फिरू न देण्याचं काम रोलर क्लच करतो. त्यात बारीक दंडगोल असतात, ते दांड्याला आवळून धरतात. त्यांच्यावर ग्रीस गेलं की पकड निसटते. घरी ग्रीस भरल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर कारण हेच. क्लच स्वच्छ करून अगदी थोडं पातळ तेल दिलं की बहुतेकदा काम होतं. थंडीत जाड झालेल्या तेलानेही असं होतं. स्वच्छ करूनही निसटत असेल तर क्लच बदला.

१४. किती दिवसांनी तेल-ग्रीस करायचं?

दिवस मोजू नका, वापर पाहा. लाईन रोलर, मुठीचा दांडा आणि बेलचे सांधे यांना वारंवार एकेक थेंब तेल. आतल्या गिअरना ग्रीस, तेही हंगामातून एखाद्या वेळी. ड्रॅगच्या वॉशरला कंपनी सांगेल तेच लावा. गंज सोडवण्याचे फवारे आत मारू नका, ते ग्रीस धुऊन टाकतात.

धुताना ड्रॅग घट्ट करा, हलकं पाणी वरून ओता. रीळ बादलीत बुडवायचं नाही, जोरदार फवाराही नको. वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर वॉशर दबून चपटे होतात आणि प्रश्न ७ मधली सुरुवातीची अडकण वाढते.

१५. त्याच पैशात वापरलेलं वरच्या दर्जाचं रीळ मिळतंय. घेऊ का?

आधी त्याचे सुटे भाग अजून मिळतात का ते शोधा. बंद झालेल्या मॉडेलचा मुख्य गिअर मिळत नसेल तर ते कितीही नामांकित असलं तरी घेऊ नका. भाग मिळत असतील तर प्रश्न ६ च्या सगळ्या तपासण्या करा, विशेषतः भाराखालची. लाईन रोलरवर खाच पडली आहे का ते भिंगाने पाहा. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतील तर रीळ कोणीतरी उघडलं आहे. कशासाठी, ते विचारा. उत्तर समाधानकारक असेल आणि भार देऊन ते सलग फिरत असेल तर मी नव्या मधल्या रिळापेक्षा ते निवडेन.

१६. गोड्या पाण्याचं रीळ एखाद्या वेळी खाडीत वापरलं तर चालेल का?

चालेल, पण त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा (पद्धत प्रश्न १४ मध्ये), पुसा आणि लाईन रोलरला तेल द्या. रीळ खाडीच्या पाण्यात बुडालं असेल तर नुसतं धुणं पुरत नाही. ते उघडून स्वच्छ करावं लागतं, आणि जितक्या लवकर कराल तितकी बेअरिंग वाचतील. मॅग्नेशियम बॉडीचं रीळ असेल तर खाडीवर नेऊच नका. खाडीवर नेहमी जायचं ठरलं तर पाणीबंद सील असलेलं दुसरं रीळ घ्या.